माजाच्या दिवसांतला व्हाइटटेल नर : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

पांढऱ्या शेपटीच्या हरणावरील आमच्या लेखानंतर अमेरिकेत राहणाऱ्या वाचकांची बरीच पत्रे आली. त्यांतील बहुतेक पत्रे एकाच काळाविषयी आहेत : शरद ऋतूतील ते थोडे आठवडे, जेव्हा एरवी रात्रीच बाहेर पडणारा थोराड नर भर दिवसा माद्यांच्या शोधात फिरू लागतो. अमेरिकन शिकारी या काळाला ‘रट’ म्हणतात. आपल्याकडे गुरे राखणाऱ्यांचा ‘माज’ हा शब्द त्याच्या अगदी जवळचा आहे आणि तोच आम्ही येथे वापरला आहे. शिकारीचे नियम राज्याराज्यांत वेगळे असतात आणि दरवर्षी त्यांत फेरफार होतात, म्हणून येथे दिलेले नियम आपल्या राज्याच्या चालू वर्षाच्या पुस्तिकेशी ताडून पाहिल्याशिवाय कोणीही रानात उतरू नये.

प्रश्न : मी विस्कॉन्सिनमध्ये राहतो. नोव्हेंबरात मला एकाच आठवड्याची रजा मिळणार आहे. बरोबरचे अनुभवी शिकारी म्हणतात की पहिली कडाक्याची थंडी पडली की रट सुरू होतो. काही जण पौर्णिमेवरून हिशेब करतात. रजा कधी घ्यावी?

उत्तर : माज थंडीमुळे येत नाही आणि चंद्रामुळेही येत नाही. उन्हाळा सरल्यावर दिवस लहान होत जातो, डोळ्यांना मिळणाऱ्या उजेडाचा काळ घटतो आणि त्याबरोबर हरणाच्या शरीरातील संप्रेरके बदलत जातात. अमुक तारखेला दिवस किती मोठा असतो हे दरवर्षी सारखेच राहत असल्यामुळे माजही दरवर्षी जवळजवळ त्याच तारखांना येतो. हा नुसता तर्क नाही. वन्यजीव अधिकारी मेलेल्या गाभण माद्यांच्या पोटातील गर्भाची लांबी मोजतात आणि त्यावरून ती मादी कोणत्या सुमारास फळली, म्हणजे गाभण राहिली, हे उलट मोजून काढतात. अशा नोंदी पाहिल्या की उत्तरेकडील राज्यांत बहुसंख्य माद्या नोव्हेंबरच्या मध्याच्या आसपास फळतात, मग ते वर्ष उबदार असो की गारठ्याचे, असे दिसते. गर्भकाळ सुमारे २०० दिवसांचा असतो, त्यामुळे पाडसे मेअखेरीस आणि जूनमध्ये, चारा कोवळा आणि मुबलक असताना जन्मतात. फार लवकर जन्मलेले पाडस थंडीत सापडते आणि उशिरा जन्मलेले पुढच्या हिवाळ्यापर्यंत पुरेसे वाढत नाही, म्हणून उत्तरेत निसर्गाने या तारखा काटेकोर ठेवल्या आहेत. दक्षिणेत तेवढी सक्ती नाही. दक्षिण टेक्सासमध्ये माजाचा भर डिसेंबरच्या मध्याला येतो, अलाबामाच्या बऱ्याच भागात तो जानेवारीत असतो आणि दक्षिण फ्लोरिडात तर काही ठिकाणी उन्हाळा संपतानाच येतो. म्हणून टेक्सासमधल्या मित्राचा सल्ला विस्कॉन्सिनमध्ये लागू करू नये.

मग आपल्या मित्रांना थंडी पडल्यावरच माज सुरू झाल्यासारखे का वाटते? नोव्हेंबरात हरणाच्या अंगावर हिवाळ्याची जाड लव आलेली असते. दिवस उबदार असला की नर दुपारभर सावलीत पडून राहतो आणि आपली धावपळ रात्रीच्या गारव्यात उरकतो. माज चालूच असतो, फक्त तो आपल्याला दिसत नाही. थंड वाऱ्याची लाट आली की तीच हालचाल उजेडात दिसू लागते आणि आपण म्हणतो, रट आता लागला.

माझा सल्ला विचाराल तर ५ ते १२ नोव्हेंबर हे दिवस धरावेत. या आठवड्यात बहुतेक माद्या अजून माजावर आलेल्या नसतात, पण नर मात्र पूर्ण तयारीत असतात आणि पहिली माजावर आलेली मादी शोधत दिवसभर मैलोन् मैल भटकतात. शिकाऱ्याला हवी असते ती हीच भटकंती. विस्कॉन्सिनमधील बंदुकीचा नऊ दिवसांचा हंगाम थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारचा सण) आधीच्या शनिवारी, म्हणजे १७ ते २३ नोव्हेंबर यांदरम्यान केव्हातरी सुरू होतो, तोवर माजाचा भर बराचसा ओसरू लागलेला असतो. तेव्हा मी सांगितलेली रजा धनुष्यासाठी किंवा क्रॉसबोसाठी (बंदुकीसारखे धरून घोड्याने सोडायचे धनुष्य) आहे हे ध्यानात घ्यावे. उन्हाळ्यापासून नियमित सराव केला नसेल तर ती रजा केवळ निरीक्षणासाठी वापरावी आणि बंदुकीच्या हंगामाची वाट पाहावी.

प्रश्न : ओहायोतील आमच्या परवानगीच्या जमिनीवर रानाच्या कडेने एका रांगेत सहा-सात स्क्रेप सापडले. ताजी उकरलेली माती आणि मुताचा उग्र वास. तीन संध्याकाळी मी त्यांवर मचाण बांधून बसलो, पण एकही नर आला नाही. माझे काय चुकले?

उत्तर : आपण खूण बरोबर ओळखलीत, पण त्या खुणेचा अर्थ लावताना चूक झाली. स्क्रेप म्हणजे हरणांचा निरोप ठेवण्याचा फळा आहे. नर पुढच्या खुरांनी जमीन उकरतो, मागच्या पायांच्या सांध्यांवरील ग्रंथींवरून मूत्र ओघळू देतो आणि वर लोंबणारी फांदी तोंडात धरून, कपाळाने आणि डोळ्यांजवळच्या ग्रंथींनी घासून तिच्यावर आपला गंध ठेवतो. खालच्या उकरलेल्या मातीपेक्षा ही वरची फांदी महत्त्वाची असते आणि तिचा वास घ्यायला नरांप्रमाणे माद्याही येतात. पण कॅमेरे लावून केलेल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा हेच दिसले आहे की स्क्रेपला होणाऱ्या भेटींपैकी बहुतांश भेटी रात्री होतात. शिवाय रानाच्या कडेला, उघड्यावर असलेले स्क्रेप तर अंधाराचेच. दाट झाडीत, हरणांच्या विश्रांतीच्या जागेजवळ असलेला एखादा स्क्रेप ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात बसण्याजोगा असतो. एकदा माद्या माजावर येऊ लागल्या की नरांना निरोप ठेवायला सवड राहत नाही आणि स्क्रेप पानांखाली बुजून जातात.

या काळात नराचा माग काढू नये, माद्या कुठे आहेत ते पाहावे. सप्टेंबरात ज्याचा वावर एखाद्या ओढ्यापुरता होता तो नर नोव्हेंबरात आपल्या नेहमीच्या टापूबाहेर निघून जातो आणि दुसरीकडचा अनोळखी नर आपल्या मचाणाखाली येतो. माद्या मात्र आपापल्या लहानशा टापूतच राहतात : त्याच चरण्याच्या जागा आणि रवंथ करायला बसण्याची तीच झुडपे. नर एका मादीगटाकडून दुसऱ्याकडे जातो आणि जाताना तो प्रत्येक झुडपात शिरत नाही. झुडपाच्या वाऱ्याखालच्या बाजूने, म्हणजे वारा झुडपावरून जिकडे वाहत जातो त्या बाजूने, एक फेरी मारली की आत माजावर आलेली मादी आहे की नाही हे त्याला नाकानेच कळते. म्हणून माद्यांच्या बसण्याच्या जागेची वाऱ्याखालची कड ही माजातील माझी पहिली पसंती आहे. स्वतः मात्र त्या फेरीच्याही थोडे पलीकडे बसावे, म्हणजे आपला वास नराच्या वाटेवर जाणार नाही.

दुसरी पसंती चिंचोळ्या जागांना. दोन रानांना जोडणारी झाडांची अरुंद पट्टी, डोंगरधारेतील खिंड, खोल घळीचे वरचे टोक जिथे हरणाला वळसा घालावाच लागतो, ओढ्यावरचा एकमेव सोपा उतार : अशा जागी नरांच्या अनेक वाटा एकत्र येतात. आपल्या जमिनीचा नकाशा उंचीच्या रेषांसह पाहा आणि दोन मादीगटांमध्ये रेघ ओढून ती कुठे आवळली जाते ते शोधा. बसायचे तर पूर्ण दिवस बसावे. सकाळी माद्या विसावल्या की साधारण दहा ते दोन या वेळात थोराड नर त्यांची चाचपणी करत फिरतात आणि नेमके त्याच वेळी बहुतेक शिकारी जेवायला गेलेले असतात. मात्र दिवसभर बसणे म्हणजे पेंग येणे आलेच. मचाणावरून पडून होणारे अपघात हा हरणाच्या शिकारीतील मोठा धोका आहे, म्हणून पूर्ण अंगाचा हार्नेस घालून, जमिनीवर पाय असतानाच तो सुरक्षादोराला जोडून वर चढावे आणि धनुष्य किंवा रिकामी केलेली बंदूक दोरीने मागून ओढून घ्यावी. यात कोणाचाही, कितीही अनुभव असला तरी, अपवाद नसावा.

प्रश्न : पेनसिल्व्हेनियाच्या डोंगराळ भागात वारा सारखा फिरतो. वास दडवणारे फवारे उपयोगी पडतात का?

उत्तर : थोडेसे पडतात, त्यांच्या भरवशावर मात्र जागा निवडू नये. डोंगरात वाऱ्याबरोबर उताराची हवाही वाचावी लागते. सकाळी ऊन लागले की हवा तापून उताराने वर चढते आणि संध्याकाळी गार झालेली हवा जड होऊन घळीत उतरते. म्हणून सकाळी हरणांच्या वाटेच्या वर आणि संध्याकाळी तिच्या खाली बसणे हा साधा नियम. दोन धारांमधल्या खोलगट जागी हवा गरगर फिरते, तिथे कितीही खुणा असोत, बसू नये. दिशा पाहायला बारीक पूड किंवा रुईसारख्या फळांतला हलका कापूस सोडावा, म्हणजे तो पन्नास पावलांवर कुठे वळतो हेही दिसते. कपड्यांबद्दल एक गोष्ट : हरणाला नारिंगी आणि लाल रंग आपल्यासारखा दिसत नाही, पण निळ्या बाजूचे रंग आपल्यापेक्षा चांगले दिसतात. सुरक्षेचा भडक नारिंगी अंगरखा त्याला बिचकवत नाही. शुभ्रतेसाठी चमक घालणाऱ्या धुण्याच्या पुडीत धुतलेले कपडे मात्र त्याला उजळ दिसू शकतात.

प्रश्न : दोन नर झुंजत असल्याचा भास व्हावा म्हणून शिंगांचा खडखडाट करून नराला बोलावण्याचा प्रयोग टेक्सासमध्ये सर्रास चालतो. किती जोरात वाजवावे आणि नराच्या हुंकाराची नक्कल करणारी शिटी कधी वापरावी?

उत्तर : दक्षिण टेक्सासमधील वेल्डर अभयारण्यात १९९०च्या दशकात याचे पद्धतशीर प्रयोग झाले. त्यांत जोरात वाजवलेल्या शिंगांना हलक्या आवाजापेक्षा बरेच जास्त नर आले, आणि आलेल्या नरांपैकी बहुतेक जण वाऱ्याखालच्या बाजूने आले. हा दुसरा निष्कर्ष अधिक मोलाचा आहे. नर आवाज ऐकतो आणि मग नाकाने खात्री करण्यासाठी वळसा घालतो. ज्या मचाणाच्या वाऱ्याखाली दाट झाडी आहे तिथे तो आपल्याला न दिसताच येऊन, वास घेऊन निघून जातो आणि आपण म्हणतो, काही आले नाही. वाऱ्याखालची बाजू विरळ असावी किंवा तिथे ओढा, तळे, उभा कडा असा अडसर असावा.

खडखडाट माजाच्या अगदी आधीच्या आणि भटकंतीच्या दिवसांत चालतो, तोही जिथे माद्यांच्या मानाने नर पुरेसे आहेत तिथे. जिथे वयस्क नर थोडे आणि शिकारी फार, तिथे तो जपून वापरावा. हुंकाराची शिटी अधिक भरवशाची आहे, पण आंधळेपणाने फुंकत राहू नये. दूरवरून जाणारा नर दिसला, तो आपल्याकडे येत नाही अशी खात्री झाली, की दोन-तीन आखूड हुंकार द्यावेत आणि त्याने कान वळवला, पाऊल थबकले, की गप्प बसावे. तो आपल्याकडे पाहत असताना पुन्हा फुंकले तर त्याला जागा नेमकी कळते आणि तिथे हरीण नाही हेही कळते. नाकाने फुसकारून शेवटी लांब सूर काढण्याचा आव्हानाचा आवाज फक्त थोराड नरासाठी राखून ठेवावा. दीड वर्षाचा नर तो ऐकून पळ काढतो.

प्रश्न : बाजारात मिळणारे माजावरच्या मादीचे मूत्र वापरावे का?

उत्तर : माझ्या मते नाही. हरणांमध्ये पसरणारा क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा मेंदूचा प्राणघातक रोग प्रायॉन नावाच्या बिघडलेल्या प्रथिनांमुळे होतो आणि ही प्रथिने आजारी जनावराच्या लाळेतून, मूत्रातून, शेणातून मातीत उतरून वर्षानुवर्षे टिकतात. १९६७ मध्ये कोलोराडोतील बंदिस्त म्यूल हरणांमध्ये (व्हाइटटेलच्या जवळची एक अमेरिकन जात) प्रथम दिसलेला हा रोग २००२ मध्ये विस्कॉन्सिनच्या रानात सापडला आणि पुढे पसरतच गेला. म्हणूनच व्हर्जिनिया, व्हरमाँट अशा राज्यांनी खऱ्या मूत्राच्या वापरावर बंदी घातली आहे. बंदी नसली तरी कृत्रिम गंध वापरावा किंवा काहीच वापरू नये. रोगग्रस्त भागातील हरणाचे मांस तपासणीचा निकाल आल्याशिवाय खाऊ नये, कारण शिजवल्याने प्रायॉन नष्ट होत नाहीत. रोग आढळलेल्या जनावराचे मांस खाऊ नये, असे अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राचेही सांगणे आहे.

प्रश्न : दोन दिवस नर इकडून तिकडे पळत होते आणि १५ नोव्हेंबरनंतर रान एकदम रिकामे झाले. हरणे गेली कुठे?

उत्तर : ती तिथेच आहेत. मादी सुमारे एक ते दीड दिवस माजावर असते आणि त्या काळात थोराड नर तिला इतरांपासून वेगळी काढून एखाद्या अनपेक्षित कोपऱ्यात अडवून ठेवतो : कुंपणाच्या कडेचे गवत, शेताच्या मधोमध उरलेले झुडूप, दलदलीतील पाणकणसांचे बेट. बहुतेक माद्या एकाच वेळी माजावर आल्या की बहुतेक नर असेच अडकलेले असतात. दुर्बिणीने या कोपऱ्यांची पाहणी करा आणि मचाण सोडू नका, कारण एका मादीचा माज संपताच नर लगेच दुसरीच्या शोधात उठतो. न फळलेली मादी सुमारे २८ दिवसांनी पुन्हा माजावर येते, त्यामुळे डिसेंबरच्या मध्याला आणखी एक छोटी संधी असते.

प्रश्न : मी एच-१बी व्हिसावर आहे. मला शिकारीसाठी बंदूक बाळगता येते का?

उत्तर : हा प्रश्न अनेकांनी विचारला आहे आणि त्यात ढिलाई परवडणारी नाही. अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार तात्पुरत्या, म्हणजे नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्या व्यक्तीला बंदूक आणि काडतुसे बाळगण्यास मनाई आहे. तिला काही अपवाद आहेत आणि त्यांपैकी एक म्हणजे अमेरिकेतील राज्याने रीतसर दिलेला चालू शिकारपरवाना. परवान्याची मुदत संपली की ती सवलतही संपते, आणि मग घरातील कपाटात पडून असलेली बंदूकसुद्धा गुन्हा ठरू शकते. ग्रीन कार्डधारकांना ही मनाई लागू नाही. राज्यांचे नियम आणखी कडक असू शकतात आणि चुकीचा परिणाम व्हिसावर होतो, म्हणून खरेदीपूर्वी वकिलाचा सल्ला घ्यावा. धनुष्य संघीय कायद्यात बंदूक धरले जात नाही, हा अनेकांसाठी सोपा मार्ग आहे. परवान्यापूर्वी शिकारशिक्षणाचा अभ्यासक्रम लागतो. विस्कॉन्सिनमध्ये १ जानेवारी १९७३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना तो सक्तीचा आहे. सक्ती नसली तरी तो करावा.

प्रश्न : माजात भान हरपलेल्या जनावराला मारणे मला अन्यायाचे वाटते. आपले मत काय?

उत्तर : आपली अस्वस्थता मला रास्त वाटते आणि शिकाऱ्याने ती कधी पूर्ण गमावू नये. त्याबरोबर काही गोष्टी विचारात घ्याव्यात. १९००च्या सुमारास अनिर्बंध बाजारी शिकारीमुळे अमेरिकेत ही हरणे सुमारे पाच लाखांवर आली होती. आज ती तीन कोटींच्या आसपास असल्याचा अंदाज आहे. हंगाम, परवाने आणि १९३७च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका-काडतुसांवरील कर वन्यजीवांच्या कामाकडे वळवणे, यांचा त्यात मोठा वाटा आहे. देशाच्या पूर्व भागातील बहुतेक रानांत लांडगे आणि कूगर (अमेरिकेतील मोठे रानमांजर) उरलेले नाहीत. एक नर अनेक माद्यांना फळवत असल्यामुळे नर मारल्याने पाडसांच्या संख्येत फारसा फरक पडत नाही; संख्या आटोक्यात ठेवायची असेल तर माद्यांचीच शिकार करावी लागते, आणि राज्ये त्यासाठी वेगळे परवाने देतात.

पण भान हरपलेल्या जनावराबाबत आपली जबाबदारी वाढते, हे आपले म्हणणे मला पटते. माजात नर जेमतेम खातो आणि आपल्या वजनाचा पाचवा ते चौथा हिस्सा गमावतो. अशा काळात सर्वांत आधी समोर येतो तो दीड वर्षाचा, लांब पायांचा, बारीक मानेचा पोर. त्याला जाऊ द्यावे. नराचे वय शिंगांवरून ठरत नाही, ते शरीरावरून पाहावे : साडेतीन वर्षांचा नर शर्यतीच्या घोड्यासारखा भरदार छातीचा आणि आवळ कमरेचा दिसतो, आणि साडेचारच्या पुढे मान थेट छातीत मिसळलेली, पोट खाली आलेले आणि पाय आखूड भासणारे असतात.

प्रश्न : बाण लागलेला नर पळून गेला तर किती वेळ थांबावे?

उत्तर : याचे उत्तर मी एका नराचा जीव वाया घालवून शिकलो. माझ्या दुसऱ्या हंगामात, मादीमागे पळणाऱ्या नराला मी थांबवले नाही, चालत्यावरच बाण सोडला आणि तो मागे, पोटात बसला. अर्ध्या तासाने मी उतरलो, दोनशे यार्डांवर तो माझ्या पावलांच्या आवाजाने उठला आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी तो सापडला तेव्हा मांस खराब झाले होते. ते आजही मला लागते.

म्हणून पहिली गोष्ट : चालणाऱ्या नराला तोंडाने हलका ‘मॅऽ’ असा आवाज करून थांबवावे, आणि तो पूर्ण आडवा किंवा किंचित पाठमोरा उभा असेल तरच बाण सोडावा. समोरून येणाऱ्या नरावर सोडू नये. बाण सोडल्यावर तो कुठे उभा होता आणि शेवटचा कोणत्या झाडापाशी दिसला हे मनात पक्के करावे. मग बाण पाहावा. गुलाबी, फेसाळ रक्त फुप्फुसाचे असते, अर्धा तास पुरे. गडद लाल रक्त यकृताचे असू शकते, चार ते सहा तास थांबावे. बाणावर हिरवट घाण आणि उग्र वास असेल तर तो कोथळ्यात लागला आहे. तेव्हा आठ ते बारा तास त्या दिशेला पाऊलही टाकू नये. शंका असेल तर जास्त वेळाचाच नियम पाळावा. रक्ताच्या प्रत्येक शेवटच्या ठिपक्यावर खूण बांधत, मागावरून नव्हे तर मागाच्या बाजूने चालावे. माग हरवला तर राज्यात परवानगी असल्यास माग काढणारा कुत्रा बोलवावा. नर शेजारच्या जमिनीत गेला असेल तर मालकाला आधी विचारावे. ओहायोत खासगी जमिनीवर शिकार करण्यासाठी लेखी परवानगी लागते, तेव्हा ही शेजाऱ्याची परवानगी हंगाम सुरू होण्यापूर्वीच मिळवून ठेवलेली बरी. सापडलेला नर लगेच साफ करून मांस ४० अंश फॅरनहाइटच्या खाली आणावे, आणि मागच्या पायांवरील ग्रंथींना लागलेला हात किंवा सुरी मांसाला लावू नये.